माझ्या खुर्चीला माणूस हवा

३ मार्च
चार महिने इथे एक ओळ लिहिली नाही, क्षमस्व. (कुणाची मागतोय? असो.) हॉटेलात माणसं कमी होती, आणि मॅनेजर म्हणजे कमी असलेला प्रत्येक माणूस.
पण आज चांगली बातमी. डेन्व्हरहून आमच्या वरिष्ठ मार्लिसबाईंचा फोन. विभागीय मॅनेजरची जागा रिकामी होतेय. म्हणाल्या, "जागा तुझीच, वेंडेल. फक्त महिन्याभरात तुझ्या खुर्चीत बसणारं कुणीतरी तयार कर."
महिना कशाला? आठवडा पुरे. ग्रँड जंक्शनमधलं एकशे बारा खोल्यांचं हॉटेल कुणाला नको असेल?

५ मार्च
सफाई विभागाच्या प्रमुख रोझाल्बाला विचारलं. ती हसली. मी गंभीर आहे हे पाहून आणखी हसली. "साहेब, मला जादा तासांचे दीडपट मिळतात. तुम्हाला काय मिळतं?"
मी म्हणालो, अनुभव.
"मग तो तुमच्याकडेच राहू दे."
महत्त्वाकांक्षेचा अभाव. वाईट वाटलं. (तिने नुकताच नवा ट्रक घेतला. माझ्या गाडीचा आरसा चिकटपट्टीवर आहे. पण त्याचा इथे संबंध नाही.)

११ मार्च
रिसेप्शनवरचे डॅरिल, पोस्टातून निवृत्त, भारदस्त माणूस. तेही नाही म्हणाले. "परवा तुम्ही कोट-टाय घालून २०७ चा संडास मोकळा करत होतात. घरी सांगितलं तर बायको म्हणाली, बढती घेतलीत तर इकडे फिरकू नका."
मी म्हणालो, तो अपवाद होता. नंतर प्रामाणिकपणे मोजलं. या महिन्यात सहा अपवाद. आज अकरा तारीख.

१९ मार्च
चूक माझीच. मी पदाचं आकर्षण नीट मांडत नव्हतो. रविवारभर बसून 'करिअरची शिडी' असा रंगीत तक्ता केला आणि नाश्त्याच्या खोलीत सगळ्यांना समजावला. डॅरिलनी विचारलं, अकरा वर्षांत तुम्ही कितव्या पायरीवर? दुसऱ्या, म्हणालो. रोझाल्बा म्हणाली, "साहेब, शिडी भिंतीला टेकवलीय ना?"
हशा पिकला. संघभावना उत्तम आहे, याची नोंद.

२७ मार्च
कुणीच तयार होईना, म्हणून कंपनीने माझ्या पदाची जाहिरात दिली. आमच्या राज्यात जाहिरातीत पगार सांगावाच लागतो. सुरुवात वर्षाला बहात्तर हजार डॉलर.
मला एकसष्ट मिळतात.
छपाईची चूक वाटली. सभ्यपणे फोन केला. मार्लिसबाई म्हणाल्या, "चूक कसली? त्याहून कमीत बाहेरचा माणूस येईल का?"
माझ्या पदाची किंमत वाढली, याचा खरोखर आनंद झाला. आनंदच होता का, ते दोनदा तपासलं. नीट ठरवता आलं नाही.

२ एप्रिल
विभागीय जागा आमच्याच कंपनीच्या फोर्ट कॉलिन्समधल्या हॉटेलच्या मॅनेजरला मिळाली. त्याच्या हाताखाली माणूस तयार होता. मार्लिसबाई म्हणाल्या, "अकरा वर्षांत तुझ्यासारखं व्हावंसं एकालाही वाटू नये, वेंडेल? तू नेतृत्वात कमी पडतोस." मला मुद्दा पटला. मग धीर करून विचारलं, मी इथेच राहणार, तर ते बहात्तर?
"ते नव्या माणसासाठी. शुक्रवारपर्यंत कुणी आलं नाही तर जाहिरात काढून टाकते. तू आहेसच की."
ती जाहिरात रोझाल्बाने कर्मचाऱ्यांच्या फळ्यावर लावली आहे. जाता जाता म्हणाली, "पाच वर्षांचा अनुभव मागतायत, साहेब. तुमच्याकडे बराच पडून आहे ना?"
उद्या: माझ्या जागेसाठी अर्ज करणे.