दुधाच्या पुडीचा ठराव

आबा, तुम्हाला जाऊन चाळीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत तुमची आठवण आली की आधी रागच आला आणि तो मी कुणापासून लपवला नाही.

दिवसभर तुम्ही उद्यमनगरच्या कारखान्यात लेथवर उभे असायचात आणि संध्याकाळी युनियनच्या सभेत. सभेची सवय एवढी, की घरातही मीटिंग. दिवाळीला कापड कुठलं घ्यायचं, मांजर पाळायचं की नाही, सगळ्याचा ठराव. "हात वर करा," म्हणायचात. धाकटीला तो खेळच वाटे. काय विचारलंय हे कळायच्या आत तिचा हात वर. पोस्टाने येणाऱ्या रशियन मासिकाच्या गुळगुळीत पानांची कव्हरं तुम्ही स्वतः आमच्या वह्यांना घालून द्यायचात. माझ्या वहीवर रॉकेट होतं, तिच्या वहीवर ट्रॅक्टर. शाळेत अमेरिकेच्या पावडरचं दूध मिळायचं, ते आम्हाला बंद. "ज्यांनी जपानात बॉम्ब टाकून पोरंबाळं जाळली, त्यांचं दूध माझ्या पोरी पिणार न्हाईत." रशियाही तेव्हा बॉम्ब फोडून बघत होता, पण त्यावर आपल्या घरात कधी मीटिंग झाली नाही. मधल्या सुट्टीत साऱ्या पोरी पांढऱ्या ओठांनी हसायच्या आणि आम्ही दोघी नळाचं पाणी प्यायचो.

मग क्युबावरून अमेरिका आणि रशिया एकमेकांच्या अंगावर आले, तो आठवडा. तुम्ही रेडिओला कान लावून बसलेले, जेवणावर लक्ष नाही. त्यातच धाकटीच्या दप्तरात पुडी सापडली. आत दूधपावडर, आणि कागद तिच्याच वहीचा, ट्रॅक्टरचा. जग जळायच्या बेतात होतं आणि तुम्हाला सात वर्षांची फितूर सापडली. लगेच चुलीपुढे मीटिंग. "हिची शाळा बंद. उद्यापासनं आईच्या हाताखाली. हात वर करा." तुमचा वर जातो. तुमच्याकडे बघत माझाही. आईचे हात भाकरीच्या पिठात आहेत. ती एवढंच म्हणते, "अवं, ल्हान हाय ती." आणि धाकटी नेहमीसारखी हसत हात वर करते. "बघ, तिलाबी पटलंय की," तुम्ही म्हणालात.

पुढे जहाजं मागे फिरली, युद्ध टळलं, तुम्ही पेढे आणलेत. आई म्हणाली, "आता तरी पोरीला शाळंत धाडा की." तुम्ही पेढा तोंडात टाकत म्हणालात, "मंजूर झालेला ठराव फिरत न्हाई."

मी शिकले, शिक्षिका झाले. धाकटी कोडोलीला दिली. सत्तरी उलटली, अजून अंगठा लावते. परवा दवाखान्याचा कागद घेऊन आली. घरात वाचणारं कुणी नाही, म्हणून आठवडाभर तो पिशवीत घेऊन फिरत होती. "अक्का, काय लिवलंय गं? वाच की." तपासणीला बोलावलेली तारीख उलटून गेली होती.

आबा, ती पुडी माझी होती. माझं रॉकेट फाटायला नको म्हणून मी तिच्या वहीचं कव्हर फाडलं, आणि तुमची चाहूल लागताच पुडी तिच्या दप्तरात कोंबली. चोर सोडून संन्याशाला फाशी झाली आणि फाशीच्या बाजूने चोराने हात वर केला. तुमच्यावर रागावणं मला आयुष्यभर सोयीचं पडलं.

हे पत्र खरं तर तिलाच लिहायला हवं होतं. पण ती ते माझ्याकडेच घेऊन येईल आणि म्हणेल, "अक्का, वाच की." म्हणून तुम्हाला लिहिलं.