दोह्याचं ऊन आणि वडवणीचं ऊन

११ मार्च

दुकानात ऐन गर्दी, आणि तेव्हाच गौरीच्या पप्पांचा फोन. (रोज एवढं लांब कोण लिहिणार. इथून पुढं गौ.प.) कतारच्या फॅमिली व्हिसाचं काम होतंय म्हणे. "आता तू अन् गौरी दोह्यालाच या. बास झालं असं राहणं." गौरी पोटात होती तेव्हापासून ज्या वाक्याची वाट बघितली ते वाक्य आलं, तेव्हा माझ्या एका हातात अस्तराचा ताका आणि दुसऱ्या हातात कात्री. विचारलं, दुकानाचं काय करायचं?

"दुकानाचं काय त्यात. टाइमपासच हाय ना ते."

गिऱ्हाईक आहे म्हणून फोन ठेवला. तीन ब्लाऊजपीस कापले. एक वाकडा कापला, तो माझ्याच अंगावर पडला.

टाइमपास म्हणे. सासऱ्यांचं पेंडीचं गोदाम होतं हे. ते गेल्यावर दोन वर्षं कुलूप. मी चुना दिला, मी फळ्या मारून घेतल्या, मॅचिंग सेंटरचा बोर्ड रंगवून घेतला. आता लग्नसराईत बायका एसटी करून येतात, माजलगावात मॅचिंग मिळालं नाही की इकडं येतात. पण दोह्यातून ते दिसत नसेल.

१४ मार्च

आत्याबाईंनी देवळात सांगितलं, त्यामुळं गावाला कळलं. "सून अन् नात चालली माझ्या लेकाकडं." मी जाणार असं मी कुठं म्हटलंय?

आज दुकानात जो आला त्याने मला ऊन समजावून सांगितलं. "तिकडं लई गरम असतं म्हणं. मानूस भाजून निघतंय." हे सांगणाऱ्या बाईने चपला सावलीत काढल्या होत्या, कारण माझ्या पायरीवर पाय ठेववत नव्हता. डोक्याला पदर, पदराखाली ओला रुमाल. लाइट गेलेली. आणि मला सांगते तिकडं गरम असतं. आपण काय महाबळेश्वरात राहतो?

आणखी एक. दिवाळी झाली की निम्मा तालुका कोयता घेऊन ऊसतोडीला जातो, लेकराबाळांसकट, पालात राहायला. त्यांना कधी कोणी विचारल्याचं ऐकलं नाही की तिकडं थंडी फार असते का, जमेल का. मी विमानाने जाणार म्हटल्यावर सगळ्यांना हवामानाची काळजी.

१८ मार्च

नळ आला. मागच्या वेळी आला त्याला आठवडा उलटून गेला होता. सकाळी दुकान उघडायला उशीर. टाकी, पिंप, हंडे, कळशा, शेवटी पातेली. गौरीची शाळा बुडाली, ती नळी धरून उभी. आत्याबाई म्हणाल्या, तांब्याही भरून ठेव.

गौ.प.ना सांगितलं तर म्हणाले, "हितं चोवीस तास पानी. समुद्राचंच गोड करतेत." वाळवंट आहे ते. नदी नाही, धरण नाही, पाऊस नावाला. तिथं तोटी फिरवली की पाणी. आणि आपल्याकडं शेजारच्या तालुक्यात एवढं मोठं धरण आहे, आणि मी गच्चीवर चढून टाकीत वाकून बघते किती उरलं. इतका राग आला की पिंपाचं झाकण आपटलं, ते फुटलं. आता पिंपात धूळ जाणार.

खरं लिहायचं तर हा दोह्याचा फायदा आहे. मोठा फायदा. नाकारून चालणार नाही.

२५ मार्च

आज गौरीने दोन्ही हातांची बोटं पुढं केली. डावा हात जायचे फायदे, उजवा तोटे. "तू सांग मम्मी, मी बोटं दुमडते."

फायदे. पाणी. लाइट जात नाही. शाळा चांगली. पप्पा. (हे गौरीने स्वतः सांगितलं, अंगठ्यावर.) देवाचीही अडचण नाही, आम्ही लिंगायत, आमचा देव गळ्यातच आहे, पूजा कुठंही बसून होते.

तोटे. आत्याबाई कोणाकडं? महेश भाऊजींकडं राहतील म्हणतात, पण भाऊजींच्या घरी त्यांना दोन दिवसांच्या वर राहवत नाही. ऊन, हे गावाच्या आग्रहाखातर. आणि दुकान. गौरी म्हणाली, "दुकानाला एक बोट की दोन?"

रात्री गौ.प.ना एकच विचारलं. तिकडं कोणाला मॅचिंगचं दुकान टाकायचं असलं तर दारात ऊन येतं का? साडी दारात नेऊन उन्हात धरल्याशिवाय मी पीस कापत नाही. ट्यूबलाइटखाली डाळिंबी आणि मरून एकच दिसतात, बाहेर नेलं की वेगळे होतात. आणि आमची पायरी पूर्वेकडची आहे, सकाळी अकरापर्यंत तिथं रंग खरा दिसतो.

ते हसायला लागले. "ऊन? हितं लोक उन्हापासून पळतेत. दिवसा बी पडदे लावून बसतो आमी. दुकानं सगळी मॉलमधी, आतल्या आत."

म्हणजे वाळवंटात राहायचं आणि ऊन मिळणार नाही.

३ एप्रिल

डोकं ठिकाणावर नाही.

सकाळी महेश भाऊजी दुकानात आले. बसा म्हटलं, चहा सांगितला. त्यांनी खिशातून टेप काढली आणि फळ्या मोजायला लागले. मला वाटलं घरी काही बसवायचं असेल. मग म्हणाले, "वैनी, ह्या फळ्या काढाव्या लागतेल. मोबाइलला काचेचं काउंटर लागतं."

कोणाचा मोबाइल, कसलं काउंटर?

"दादानं सांगितलं की. तुमी जानार, तर दुकान मी बघावं. मोबाइलचं टाकतो." अगदी सरळ चेहऱ्याने. त्यांची चूक नाही, त्यांना सांगितलं ते ते करत होते. चहा आला, तो त्यांनी प्यायला. मी कपाकडं बघत बसले.

गावाने उन्हाचा हिशोब केला, सासूने देवळात सांगून टाकलं, दिराने लांबी-रुंदी घेतली. मला विचारायचं तेवढं राहिलं.

फोन केला. "कावून सांगितलं भाऊजींना? मला न विचारता?"

"तुला सांगनारच होतो."

सांगणार होतो म्हणतात. विचारणार होतो असं नाही म्हणत. त्यानंतर काय बोलले ते इथं लिहीत नाही, आत्याबाई पलीकडच्या खोलीतून ऐकत होत्या तेवढं पुरे.

टेप भाऊजी काउंटरवरच विसरले. परत देणार नाही.

२८ एप्रिल

गौ.प. आले. सुट्टीवर, दोन आठवडे. गौरी गळ्यात पडली ती उतरेना. जाड झालेत, रंग उजळलाय. उजळणारच, एसीच्या पार्टच्या गोडाऊनमध्ये स्टोअरकीपर, घर एसी, गाडी एसी.

मी अजून रागात आहे हे त्यांना माहीत आहे. साडी आणलीय. मोरपंखी, माझा आवडता रंग. ठेवून दिली, घडी मोडली नाही.

जेवताना सगळ्यांना ऐकवलं, "हे काय ऊन हाय? आमच्याकडं पन्नासला जातंय." मी वाढत होते.

३० एप्रिल

लिहिताना हसू येतंय, येऊ नये.

काल चकलांब्याला मित्राकडं लग्न. मी म्हटलं सकाळी निघा, डोक्याला बांधा, कांदा खिशात ठेवा. "मी दोह्यातून आलोय," म्हणाले. भर दुपारी भाऊजींची मोटारसायकल काढून उघड्या डोक्याने गेले. परत आले ते दोघांनी धरून आणलेले. ओकारी, अंग तव्यासारखं. डॉक्टरांनी सलाइन लावली. ऊन लागलं.

पन्नास डिग्रीचा माणूस वडवणीच्या उन्हाने आडवा केला. इतकी वर्षं वाळवंटात राहिला, पण उन्हात एक दिवसही राहिला नाही.

तळपायाला कांदा चोळला. पन्हं चमच्याने पाजलं. ग्लानीत होते तेव्हा म्हणाले, "तिकडं असं झालं तर दार कोन उघडतंय?" मी म्हटलं काय झालं होतं? मग थोडं थोडं बोलले. मागच्या वर्षी ताप आला होता. खोलीतले दोघं ड्युटीवर. हे दिवसभर पडून, पाणी प्यायला उठता येईना. चोवीस तास पाणी होतं की तोटीला. मला फोनवर सांगितलं होतं, "जरा सर्दी हाय."

हसू गेलं. गौरीने पप्पांसाठी अंगठा दुमडला होता तो हा. राग आहे, अजून तेवढाच आहे, आणि वाईटही वाटतंय. दोन्ही एकाच वेळी. ते झोपेपर्यंत वारा घालत बसले.

४ मे

डॉक्टरांनी आठवडाभर उन्हात फिरू नका सांगितलंय. घरात पंखा गरम वारा मारतो, म्हणून दुकानात येऊन कूलरसमोर बसतात. पहिल्या दिवशी मोबाइलवर होते. काल मोबाइल खिशात.

आज साळेगावकडची एक आजीबाई नातीची साडी घेऊन आली. आत बघून म्हणाली, "ह्यो पीस जमतोय, काप." मी म्हटलं आजी, दारात चला. "कावून? आंधळी हाय का मी?" पायरीवर नेलं, साडी आणि पीस शेजारी धरले. आजीबाईने वाकून बघितलं. मग म्हणाली, "लई फरक हाय गं." दुसरा दिला.

गौ.प. उठून दारापर्यंत आले होते. आजीबाई गेल्यावर म्हणाले, तू माझी साडी अजून उघडली नाहीस. घरून मागवली. आत मोरपंखी. दारात नेली तर सरळ निळी. हिरव्याचा मागमूस नाही.

"मॉलमधी मोरपंखी होती," म्हणाले. खरंच होती असणार, त्यांची काय चूक. तिथल्या लाइटमध्ये ती मोरपंखीच होती.

मी एवढंच म्हटलं, "हे टाइमपासमधे शिकले." बोलायला नको होतं कदाचित. पण आता बोलून झालं.

९ मे

महेश भाऊजींना यांनी घरी बोलावलं. माझ्यासमोर. "दुकानाचं आत्ता काही न्हाई. तुझी वैनी सांगल तेव्हा." भाऊजी नाराज होऊन गेले. आत्याबाई म्हणाल्या, संगीता, तू माझ्या पोरात भांडण लावलंस.

मी लावलं भांडण. टेप कोणी आणली होती ते कोणी बोलत नाही.

११ मे

उद्या निघायचे. जेवण झाल्यावर विचारलं, पहिल्यांदा, खरंच विचारलं. "येतीस का?"

मी माझीच बोटं बघितली. डाव्या हाताला पाणी, शाळा, आणि हा माणूस, पडद्याआड एकटा. उजव्या हाताला माझी पायरी. एकीकडं गेलं की दुसरं सुटल्याचा राग येतो, मग गेल्याचाही येईल आणि राहिल्याचाही.

रागातच उठले. माझ्याकडच्या चांगल्या मोरपंखी ताक्यातून पीस कापला, मधून दोन केले, अर्धा त्यांच्या बॅगेत टाकला. "हा तिथं उन्हात धरा. बंद मॉलमधे नाही. आधी तो बघा, मग मला विचारा."

हसतील वाटलं होतं. हसले नाहीत. पीस घडी करून पासपोर्टशेजारी ठेवला.

२ जून

सकाळपासून दुकानात दोघी गिऱ्हाईक. तेवढ्यात व्हिडिओ आला.

कालचा असावा, जेवणाच्या सुट्टीतला. दोह्यातली कुठली तरी जुनी गल्ली, लहान लहान दुकानं, शटर अर्धी ओढलेली. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही. मधोमध गौ.प. डोक्याला दस्ती बांधलेली, डोळे बारीक, शर्ट भिजलेला. हात लांब करून माझा अर्धा पीस धरलाय. "हितं एक रिकामा गाळा हाय. दार उघडं हाय, ऊन येतंय बघ. भाजतंय लई. रंग बरोबर दिसतोय का?"

अकरा वर्षांत हा माणूस तिथं दुपारी बाहेर निघाला नव्हता.

माझा अर्धा पीस फळीवरच होता. पायरीवर गेले, एका हातात तो, एका हातात फोन. गौरी मधे डोकं घालून. "मम्मी, सेम हाय का?"

फोनमधे रंग कळत नाही, हे मी दिवसातून दहा जणींना सांगते. पण तोंडातून निघून गेलं, "असं काय सांगता येतंय. जाऊन बघावं लागेल."

दोन्ही गिऱ्हाइकांनी ऐकलं. आता संध्याकाळपर्यंत वडवणीभर होईल की संगीता निघाली, आणि भाऊजी नवी टेप घेऊन येतील. होऊ दे. मी हो म्हटलेलं नाही.

आणि भर दुपारी उभे राहिले. महिन्यापूर्वी सलाइन लागली ते विसरले. दुपारी रंग फिका पडतो, एवढं माझ्या दुकानात आठवडाभर बसून शिकले नाहीत. लिहून पाठवलं, "परत दुपारी उभं राहायचं नाही. कांदा ठेवत जा खिशात. सकाळच्या उन्हात धरून परत पाठवा."