एकेचाळीस नंबरची कॅसेट

गोडदेव, भाईंदर पूर्व
१४ ऑक्टोबर २००७

प्रिय बबन,

पाकिटावरचं अक्षर बघून तू पत्र बाजूला ठेवलं असशील. ठेव. पण सोबतची चकती टाकून देऊ नकोस. तुझ्या अमोलने घरी डीव्हीडी प्लेअर घेतलाय, हे खालच्या वाडीतला विठू इथे आला होता तेव्हा बोलला. त्यात ती चालेल. पिक्चर नाही दिसणार, नुसता आवाज येईल. आपला आवाज, बबन. आपल्या नाच मंडळाच्या त्रेसष्ट कॅसेटी, त्रेसष्ट तास, त्या एका चकतीत मावलेत.

हसू नकोस, पण हे सगळं मी स्वतः केलंय. सत्तावन्नाव्या वर्षी, कुणाचा हात न धरता. म्हणजे पहिले चार दिवस माझ्या पोराने, निकेतने, शिकवलं, मग तो वैतागला आणि मी सुटलो. भांड्यांची कंपनी बंद झाल्यापासून दुपारी घरात बसून करायचं काय? कपाटावरची कॅसेटींची पेटी काढली तर दोन कॅसेटींना बुरशी आलेली, एकीची फीत चुरगळलेली. म्हटलं, आपण सगळे जाण्याआधी आपला आवाज जाईल. निकेतच्या कॉम्प्युटरला चकत्या लिहायचं यंत्र आहेच. माझा जुना टू-इन-वन एका वायरने जोडला, इकडे कॅसेट वाजते, तिकडे कॉम्प्युटर ऐकून साठवतो. तासाच्या कॅसेटीला तासच लागतो, त्यात घाई चालत नाही. त्यात मधेच लाइट गेली की पुन्हा पहिल्यापासून. आमच्याकडे लोडशेडिंग किती ते तुला काय सांगू. पण मी वेळा पाठ केल्या आणि त्या चुकवून कामं उरकली.

स्टेशनजवळच्या दुकानदाराने मला विचारलं, "काका, शादी की शूटिंग है क्या?" मी म्हटलं, "नहीं भाई, गाना है, सिर्फ गाना." त्याने मला स्वस्तातल्या चकत्या दाखवल्या, त्या मी घेतल्या नाहीत. आता मला कळतं. आवाज जसाच्या तसा, न दाबता ठेवायचा तर एका डीव्हीडीत सातच कॅसेटी बसतात. म्हणजे जपून ठेवायच्या नऊ. आणि आवाज थोडा दाबून बारीक फायली केल्या की सगळंच्या सगळं एकीवर. ती ऐकायची, तीच तुला पाठवलीय. चकती लिहिताना वेग कमी ठेवायचा, लिहून झाली की कॉम्प्युटरकडून तपासून घ्यायची, वर कागद चिकटवायचा नाही. आणि या जातीच्या चकतीवर एकदा लिहिलं की पुसता येत नाही. कॅसेटीवर परत भरता यायचं, इथे नाही.

ऐकताना काय काय सापडलं! इथली, भाईंदरच्या खारीतली ती पत्र्याची शेड, जिथे कामावरून सुटल्यावर आपण सराव करायचो. रामू झांजेचा ठोका चुकवतो आणि तू त्याला शिवी घालतोस. कलगी-तुऱ्याच्या सामन्याच्या रात्री समोरच्या तुरेवाल्यांनी सवाल टाकला आणि तू मृदुंग न थांबवता जागच्या जागी जबाब रचलास, त्याला पडलेल्या शिट्ट्या. एका कॅसेटीत तर दुर्गा येते. आमचं दोघांचं लग्न ठरल्याचं सांगायला तुझी बहीण चहाची किटली घेऊन शेडमध्ये आली होती, आणि तू सगळ्यांसमोर म्हणालास, "दत्त्या, आजपासून तू माझा मेव्हणा. आता माझ्याशी नीट बोलायचं." मी हसलोय, जोरात. ते हसणं ऐकून दुर्गा स्वयंपाकघरातून बाहेर आली, परत लाव म्हणाली. तीनदा लावलं.

आता त्या गवळणीवर येतो. "घागर भरली काठोकाठ, राधा इसरली घरची वाट." तिच्यावर आपलं मंडळ मोठं झालं. ब्याण्णव साली कॅसेट कंपनीने ती काढली, वर छापलं, गीत: दत्ताराम. तू म्हणालास, चाल माझी, शब्द माझे. मी माझी वही आणली, सभेत उघडून दाखवली. माझं अक्षर, माझी खाडाखोड. बारा माणसांसमोर म्हटलं, बबन खोटं बोलतोय, आणि कोण कुणाच्या बाजूने ते हात वर करून विचारलं. तू वाद घातला नाहीस. मृदुंग उचललास आणि गेलास, महिन्याभरात भांड्यांच्या कंपनीतली नोकरी सोडून गावी. मी घरी येऊन दुर्गाला बजावलं, त्या घरात पुन्हा पाय टाकायचा नाही. तिने टाकला नाही. पंधरा वर्षं दर भाऊबीजेला ती खिडकीत उभी राहून चंद्राला ओवाळते. भाऊ नसलेल्या बाया ओवाळतात तशी. शेजारची अंबिका एकदा तिला म्हणाली, "तुला भाऊ नाय व्हय?" दुर्गा म्हणाली, "आहे." एवढंच.

एकेचाळीस नंबरची कॅसेट. वर माझ्याच अक्षरात लिहिलंय, सराव, खारी, मार्च ८८. आधी पंख्याची घरघर, मृदुंगाला शाई लावायच्या गप्पा. मग तू खोकतोस आणि गवळणीच्या त्या दोन ओळी चालीत म्हणतोस. त्यावर माझा आवाज येतो, "आयला बबन्या, ही कुठली रे?" तू म्हणतोस, "कुठली म्हणजे? दुपारी पॉलिशच्या मशीनवर उभा होतो, तेव्हा सुचली." आणि मी म्हणतो, "परत म्हण, मी लिहून घेतो." पेनाचं टोपण उघडल्याचासुद्धा आवाज आहे.

मी विसरलो होतो, असं लिहिलं असतं तर सोपं होतं. वही माझी, पुढची चार कडवी खरंच मी जोडलेली, त्यामुळे अख्खी गवळणच माझी वाटायला लागली, हेही अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं असं की सभेत तू माझ्याकडे बघितलंस तेव्हा माझ्या आत काहीतरी हललं होतं. मला नीट आठवत नव्हतं, पण वही उघडायच्या आधी थांबावं एवढं आठवलं होतं. मी थांबलो नाही.

कॅसेट सापडल्यावरही दोन दिवस ती मी भरली नाही. एक नंबर गाळला तर कोण मोजायला येणार आहे, असं वाटलं. निकेतला सांगितलं तर तो स्क्रीनवरची नजर न काढता म्हणाला, "बाबा, मग बाकीचं तरी कशाला करताय?" कॅसेटी मी हाताला येतील तशा भरत होतो, तोवर पाच डीव्हीड्या लिहून झाल्या होत्या, गवळणीच्या प्रत्येक फायलीवर माझं नाव. त्या पाचही मी हाताने मोडल्या. डीव्हीडी सहज मोडत नाही रे, वाकते, मग एकदम तुटते. अंगठा कापला. फायली कॉम्प्युटरमध्ये होत्याच, नावं बदलून सगळ्या पुन्हा लिहिल्या. गीत आणि चाल: बबन. मागच्या रविवारी मंडळाच्या माणसांना घरी बोलावलं, त्या बारांतले आठ उरलेत, आणि एकेचाळीस नंबर लावली. रामू डोळे पुसत म्हणाला, "तेव्हा मी पण तुझ्याच बाजूने हात वर केला होता." प्रत्येकाला एक चकती दिली.

माझा विचार होता तुला फोन करायचा. दुर्गाने करू दिला नाही. म्हणाली, "फोनवर तुम्ही गोड बोलाल, हसवाल, आणि दादा भिडेखातर हो म्हणेल. वही दाखवून त्याला खोटं पाडलंत ना? मग आता लिहून द्या, सहीसकट." म्हणून हे पत्र. भाऊबीजेला ती तुझ्याकडे येतेय, तिचं तिकीट काढून झालंय. मला विचारून नाही, सांगून काढलं. मला बरोबर न्यायचं की नाही ते तिने हे पत्र वाचल्यावर ठरवायचं होतं. आत्ताच वाचलं तिने. जिथे मी स्वतःची बाजू मांडली होती त्या दोन जागा पेनाने खोडायला लावल्या, आणि मला हे पुन्हा स्वच्छ लिहून काढायला बसवलं. एक ओळ राहिलीय म्हणाली, ती लिहितो. बबन, तू खरं बोलत होतास, खोटा मी होतो. मी यावं की येऊ नये, ते तिने आता तुझ्यावर सोडलंय, तू तिला फोन करून सांग. तिने माझंही तिकीट काढलं, तरच मी गाडीत बसेन.

तुझाच,
दत्ताराम