अण्णांचं कासव आणि आमची विहीर

ती. काशीराम भावोजी यांस,

गुरुप्रसादचा साष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा आता कसा आहे? (जिना उलट्या पावलांनी उतरण्याचा माझा उपाय सावित्रीताईने करू दिला नसणार, ठाऊक आहे.)

विहिरीच्या पाण्याचा अहवाल तुम्हाला फोनवर वाचून दाखवलाच होता. उतारावरच्या कारखान्याचं रसायन झिरपलंय, पिऊ नये, उकळूनही जात नाही. हे आईला पटवायला मी प्रयोग केला. जांभ्याचा चिरा दोन विटांवर ठेवून वरून निळीचं पाणी ओतलं, खालून निळंच ठिबकलं. (रसायनशास्त्र मी कोणाकडे शिकलो नाही, म्हणून पक्कं आहे.) आईने सगळं नीट बघितलं आणि म्हणाली, "माजी निळीची बाटली भरून ठेव आदी."

विकतच्या जारचं पाणी ती अबोलीच्या झाडाला घालायची आणि स्वतः विहिरीचं प्यायची. कारण काय, तर तुमच्या सासऱ्यांनी, म्हणजे अण्णांनी, विहिरीत सोडलेलं कासव. "ता जिता हाय ना इरीत? मग पानी बरा हाय." अहवालावर सही-शिक्का होता, कासवावर नव्हता, तरी विश्वास कासवावर.

शेवटी साक्षीदारच हलवावा म्हणून मी टोपली घेऊन विहिरीत उतरलो. कासव टोपलीत आलं, मी मात्र शेवाळलेल्या पायरीवर अडकलो. शेजारच्या दादूने दोर टाकला आणि आधी टोपली वर घेतली. कासवाला घंगाळात ठेवून जारचं पाणी घातलं. आईने घंगाळात वाकून बघितलं. मग पेला पुढे करून म्हणाली, "त्याला देतोस ता पानी मला पन दे."

चिरा, नीळ, अहवाल सगळं फुकट गेलं, भावोजी. पण त्या दिवसापासून ती विहिरीचं पीत नाही.

ताईकडे आशीर्वाद मागितले म्हणून सांगावं.

आपला,
गुरुप्रसाद

ता. क. कासवाला करमत नाही, परत सोड, असं आई रोज म्हणते. ते परत गेलं की तीही विहिरीवर परत जाणार. म्हणून पत्र आणणाऱ्या रिक्षावाल्या संदेशच्या हातात झाकणाची बादली असेल. उघडताना बोटं लांब ठेवावीत.

ता. क. २. बादलीमागून रिक्षातून आई उतरेल. इतकी वर्षं तुमच्याकडे राहायला येत नव्हती. आता कासवाला एकटं वाटेल म्हणून येते. विहिरीचं काही ठरेपर्यंत दोघांनाही ठेवून घ्यावं, ही विनंती.

ता. क. ३. ताईसाठी तिने माहेरच्या विहिरीचं पाणी तांब्यात घेतलंय. मी ते गुपचूप ओतून जारचं भरलंय. बोलू नये.

ता. क. ४. पत्र आईने वाचून घेतलं. म्हणते, तांब्यात तिने आधीच जारचं भरलं होतं, लेकीला बाधायला नको. "पन सावित्रीला सांगू नुको. तिला इरीचाच वाटूंदे."