एकजीव

७ जानेवारी, शिरवळ
पुन्हा गंज! गंज तपासायच्या मिठाच्या धुक्याच्या पेटीतून पत्रे बाहेर काढले. रंगावर जिथे मुद्दाम रेघ कोरली होती तिथे तांबडी ओळ, आणि खाली ओघळ. शेजारीच साध्या रंगाचा पत्रा होता. दोघांत फरक सांगा म्हटलं तर मलाच सांगता येणार नाही.

मागतेय तरी काय मी? जवसाच्या तेलाचे थेंब, प्रत्येकाभोवती पातळ कवच. असे रव्याहून बारीक दाणे रंगात मिसळायचे. रंगाला ओरखडा गेला की तिथले दाणे फुटतील, तेल बाहेर येऊन सुकेल, भेग बुजेल. खालच्या लोखंडाला हवा-पाणी लागणार नाही. बोलायला इतकं सरळ आहे की आता कुणाला सांगायचीही लाज वाटते.

हा रंगाचा कारखाना दिग्विजय सरांचा. पत्रा उलटसुलट करून म्हणाले, "मॅडम, आमचा रंग स्वतःची जखम स्वतः भरतो, असं मी साखर कारखान्याला सांगून बसलोय." रागावले असते तर बरं झालं असतं.

११ जानेवारी
कवच जाड केलं. वाळलेली पावडर सूक्ष्मदर्शकाखाली बघितली. गोल, अख्खे, चकचकीत दाणे. दृष्ट काढावी असे! रंगात मिसळायला शेडमध्ये पाठवले.

१४ जानेवारी
संक्रांत. मिक्सिंगचे केरबामामा डबी घेऊन आले. "मालकिणीनं हलवा केलाय, घ्या म्याडम." त्यांच्या बायकोचा, शालूबाईंचा, हात हलका असणार. तिळावर साखरेचा पाक थेंब थेंब चढवलेला, काटा सुरेख. खाताना डोक्यात एकच – हिला जमतं, मला का नाही?

मामा मोठे गमतीदार. सैन्यात गाड्या रंगवायचे. "रंगात दाना ऱ्हायला की सायेब डबा डोक्यावर घ्यून पळवायचा," म्हणाले. मी हसले. बऱ्याच दिवसांनी.

१९ जानेवारी
वाळलेल्या रंगाचा काप बघितला. एकही दाणा अख्खा नाही. नुसती टरफलं! तेल आधीच सांडून रंगात जिरलंय. मग ओरखडा गेल्यावर यायचं कुठून?

थिनर कवच खातोय. दुसरं काय असणार? म्हणजे कवचाचा मालच बदलायला हवा. म्हणजे पहिल्यापासून सगळं.

२४ जानेवारी
सांगलीहून बाबांचा फोन. "उमा, काही नवीन?" नाही म्हटलं. मग त्यांनी तब्येत विचारली, जेवण विचारलं. शेवटी म्हणाले, "पानसे सरांच्या क्लासला केमिस्ट्रीला माणूस हवाय." मला कळलं. त्यांनी विचारून ठेवलंय.

३० जानेवारी
सरांनी बोलावलं. फेब्रुवारीअखेर शेवटची मुदत. तोवर चांगला पत्रा दाखवला नाही तर प्रयोगशाळा बंद. त्या खोलीत रिकामे डबे ठेवायचे आहेत. बोलताना त्यांनी खिडकीचं माप नजरेनंच घेतलं, मी बघितलं ना. माझी सगळी हुशारी एका डब्यांच्या खोलीएवढी.

८ फेब्रुवारी
नवं कवच. गंज. काही लिहावंसं वाटत नाही.

१३ फेब्रुवारी
रात्रीचे दोन वाजलेत. तरी लिहिते.

कवच बदलूनही तेच, हे खटकत होतं. काचेच्या बाटलीत नुसत्या थिनरमध्ये जुन्या कवचाचे दाणे बुडवून ठेवले होते, महिना होत आला. आज सहज बघितले. सगळे अख्खे! थिनर खात नाही मग. मग खातंय कोण?

शेडमध्ये गेले. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. तिथे कपडे खराब होतात म्हणून माल नेहमी पाठवूनच द्यायचा, अशी आमची रीत. केरबामामा रंग घोटायच्या तीन रुळांच्या यंत्रापाशी होते. दोन रुळांच्या फटीतून माझा रंग पिळून निघत होता. गुळगुळीत.

"मामा, हे काय?"
"हाताला खरखर लागत हुती, म्याडम. दोनदा काढलं रुळातनं. आता बगा, लोन्यागत झालंय."
"हे कुणी सांगितलं?"
"तुमीच की. रंगात एकजीव करा म्हनला हुता. पैल्या दिसापासनं तसंच करतोय, एक दाना ठिवत न्हाई."

किती अभिमानाने म्हणाले! चिमटीत रंग चोळून दाखवला. खरंच एक दाणा नव्हता.

एकजीव हा आईचा शब्द. पिठात मोहन एकजीव कर, शिऱ्यात साखर एकजीव कर. मला म्हणायचं होतं सगळीकडे सारखं पसरव. दाणे अख्खे राहिले पाहिजेत, हे सांगायचं राहून गेलं. तेवढंच तर सांगायचं होतं! हलव्यासारखं जपा म्हटलं असतं तरी मामांना कळलं असतं. हलवा कोण घोटतं?

१४ फेब्रुवारी
माझे दाणे चांगले होते. पहिल्या खेपेपासून. रात्रभर हेच.

मामांना समजावून सांगितलं. त्यांनी बोटांवरचा रंग पुसला. खाली स्टुलावर बसले. नव्या रंगात दाणे मी स्वतः लाकडी पळीने ढवळले. पत्रे रंगवले. पण सुकायला आणि पेटीत ठेवायला मिळून मुदत पुरत नाही. सरांकडे दिवस मागावे लागतील. आणि का ते सांगावं लागेल.

१७ फेब्रुवारी
सांगायला गेले. म्हटलं, मिसळण्याच्या कामात चूक होत होती. सर म्हणाले, "कुणाची?"

साधा प्रश्न. इतकं शिकलेली बाई एक सूचना धड देऊ शकत नाही, हे ऐकल्यावर ते मला एक दिवसही देणार नाहीत. म्हटलं, शोधून सांगते. भ्याले. सरळ भ्याले.

२१ फेब्रुवारी
केरबामामा स्वतःच सरांकडे जाऊन आले. मला न विचारता. मी दाराबाहेर होते, सगळं ऐकू आलं.

"कुणी सांगितलं होतं रुळातून काढायला?"
"कुनी न्हाई सायेब. माज्या मनानं केलं."
"मनानं? वर्षभर माल नासवला तुम्ही."
"व्हय. चुकी माजीच हाय."

आत जायला दोन पावलं पुरली असती. गेले नाही.

मला महिन्याची मुदत मिळाली. मामांना सरांनी उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. जाताना दारात थांबले. म्हणाले, "ल्योक लागलाय आता मिल्ट्रीत, माजं काय अडत न्हाई. तुमी करा तुमचं." मी मान खाली घातली होती. बरोबर चालत फाटकापर्यंतसुद्धा गेले नाही.

२ मार्च
पत्रे पेटीत. भूक नाही. बाबांना खोटं सांगितलं, जेवले म्हणून.

१९ मार्च
रेघ बुजली. गंजाचा ठिपकासुद्धा नाही. साखर कारखान्याचे साहेब पत्र्यावरून पुन्हा पुन्हा बोट फिरवत होते. ते गेल्यावर दिग्विजय सर खुशीत म्हणाले, "बघा मॅडम, त्या केरबाला काढला ते बरं झालं की नाही?"

मी हो म्हणाले.