तांबड्याचा शड्डू

५ जानेवारी
उजवं मनगट सुजलंय. डाव्या हातानं लिहितेय — अक्षर गेलं खड्ड्यात! तांबड्यानं आज गजांतून हात घालून मला ओढलं, पिळलं, वर बादली भिरकावली. सात वर्षांचं ओरांगउटान, वयात येतंय म्हणे. ताकद चार माणसांची! आणि या प्राणी-बचाव केंद्रातला माझा जोडीदार सयाजी फिदीफिदी हसतोय. ‘‘खेळतंय की ओ त्ये, क्रांतीताई!’’ खेळतंय! तुझं मनगट दे की मग.

८ जानेवारी
सापडलं मूळ! मागच्या मोठ्या पिंजऱ्यात सयाजीनं तांबडी माती टाकून चक्क आखाडा केलाय. हा मांडीवर शड्डू ठोकतो, तांबड्याही ठोकतो, की भिडले दोघं! जुना पैलवान ना — तालीम सुटली, खोड सुटली नाही. ‘‘वाढतं अंग हाय त्येचं, रग जिरवाय नको व्हय?’’ वर मलाच विचारतोय! सगळ्यांसमोर खरडपट्टी काढली त्याची.

९ जानेवारी
आमच्या डॉक्टर प्रियदर्शनी मॅडमनी सगळ्यांना बोलावलं. महिन्याभरात इंडोनेशियाची माणसं तपासायला येणार. उचगावजवळ तस्करांच्या ट्रकमध्ये सापडला तेव्हा तान्हा होता तांबड्या; आता आपल्या जंगलात परत जायची ही एकच संधी. पण माणसाळलेलं जनावर ते नेत नाहीत — शिकारी दिसला तरी जवळ जाईल ना! ‘‘आजपासून लाड बंद. सगळ्यांनी पाळीपाळीनं हुसकवा त्याला.’’

सगळ्यांनी? हे लोक गुपचूप केळी चारतील! मी म्हटलं, मी एकटी बास आहे.

१७ जानेवारी
तो शड्डू ठोकत येतो, मी पाण्याचा पाइप थेट तोंडावर. पत्र्याचा डबा बडवते. शिव्या देते, घरी नवऱ्यालाही देत नाही तसल्या. सयाजी कुंपणाबाहेरून — ‘‘कसाई हाईसा तुमी!’’

असेन. कळंब्यात एक जेल आहे तेवढं पुरे. हा तरी सुटू दे.

२४ जानेवारी
अंगावर घाण फेकली. छान!

३० जानेवारी
मी दिसले की सरसर पिंजऱ्यातल्या झाडावर. फांद्या मोडून टाकतो माझ्यावर, ओठांनी चुकचुक करतो — त्यांच्यातली शिवीच ती. जिंकले! सयाजीला म्हटलं, बघ. तो खाली मान घालून आखाड्याची माती पाटीत भरत राहिला. खरं सांगायचं तर मलाही लागलं मनाला. थोडंच.

६ फेब्रुवारी
तपासनीस आला. अनोळखी माणूस. तांबड्या खाली उतरला, शड्डू ठोकला, गजांतून हात पुढं केला. त्याच्यासोबतचा दुसरा गेला, तिसरा गेला — सगळ्यांशी तेच! मी पाइप घेऊन धावले, तर झटकन शेंड्यावर.

मॅडमनी तपासनिसांचं म्हणणं मराठीत सांगितलं — ‘‘त्याला माणसांची भीती नाही. फक्त या बाईंची आहे.’’

परवानगी नाही. आता जन्मभर इथंच. उद्या सकाळी त्याचं खाणं घेऊन मलाच जायचंय.