उत्पला पायरीवर बसली

पुणे, जून १९७४

तीर्थरूप दादांना सर्जेरावचा जयभीम.

आम्ही बरे आहोत. मायला सांगा, मी दोन्ही टाइम बराबर जेवतो. तुमचा गुडघा कसा आहे?

उत्पलासाठी एक शाळा पाह्यली. मराठी अन् इंग्रजी दोन्हीत शिकवतात. परीक्षा न्हाई, लेकराला वाटंल ते लेकरानं करायचं. मला बिलकुल पटलं. कांता म्हणली, "तुमच्या कविता कोणाला समजत न्हाईत, आता पोरीची शाळा पण तशीच हुडकली का?"

काल उत्पलाला घेऊन गेल्तो. बाकीची लेकरं आत मातीची खेळणी करत होती. ही बाहेर पायरीवर बसली अन् तिथूनच बघत राह्यली. मी हात धरला, तर बाई म्हणल्या, "बसू द्या तिला. वाटेल तेव्हा येईल आत."

बाईंचं काही चुकलं न्हाई. पोरगी पण खुशीत होती. पण दादा, तुम्हाला गावच्या शाळेत आत येऊ देत नव्हते, तुम्ही पायरीवर बसून अक्षरं शिकलात, तेच मला दिसू लागलं. मी तिला उचलून आत नेऊन बसवलं. ती लई रडली.

सोमवारी नाव घालायचं आहे. घालावं, का तिला बदनापूरला तुमच्याजवळ पाठवावं, काहीच समजून न्हाई राह्यलं.

जल्दी लिहा. तुम्ही काल तिथं असता तर तिला पायरीवर बसू दिलं असतं का?

तुमचा,
सर्जेराव